कॅमेऱ्याच्या फोटोंना मोबाइलच्या फोटोंवरून लोकेशन कसे द्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजगड ते तोरणा असा ट्रेक झाला. गळ्यातल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात जीपीएस नाही, पण खिशातल्या मोबाइलने काढलेल्या फोटोंमध्ये लोकेशन नोंदलेले आहे. दोन्हीकडचे फोटो आता संगणकावर आहेत आणि मोबाइलच्या फोटोंमधले लोकेशन कॅमेऱ्याच्या फोटोंमध्ये उतरवायचे आहे. शिवाय घरातल्या काही जुन्या, स्कॅन केलेल्या फोटोंनाही ठिकाण द्यायचे आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि काम कोणत्या क्रमाने करावे?

एका फाइलमधले लोकेशन दुसऱ्या फाइलमध्ये उतरवायला काही सेकंद लागतात. वेळ जातो तो कोणत्या फोटोचे लोकेशन कोणत्या फोटोला द्यायचे हे ठरवण्यात, आणि ते ठरते दोन्ही उपकरणांच्या घड्याळांवरून. त्यामुळे सॉफ्टवेअरची निवड हा यातला दुय्यम भाग आहे. आधी घड्याळे जुळवावीत, मगच लोकेशनला हात लावावा, आणि हे सगळे मूळ फोटोंच्या प्रतीवर करावे.

फाइलच्या आत लोकेशन कसे ठेवलेले असते हे एकदा पाहून घेतले की पुढचे बरेच घोळ टळतात. जेपेग फाइलमध्ये फोटोची माहिती ठेवणारा एक्झिफ नावाचा विभाग असतो. त्यात अक्षांश म्हणजे अंश, मिनिटे आणि सेकंद असे तीन आकडे असतात. हे आकडे नेहमी धन असतात. उत्तर की दक्षिण हे वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या वेगळ्या खणात, लिहिलेले असते, आणि रेखांशाचेही तसेच, पूर्व की पश्चिम हे वेगळे. उंचीचा एक टॅग आणि ती समुद्रसपाटीच्या वर की खाली हे सांगणारा आणखी एक. म्हणजे एक जागा पूर्णपणे सांगायला सहा टॅग लागतात आणि त्यातला एखादा मागे राहिला तरी फाइल तक्रार करत नाही.

उदाहरणार्थ, गेटवे ऑफ इंडियाची जागा दशांशात १८.९२२० उत्तर, ७२.८३४७ पूर्व अशी आहे. अंश-मिनिटांत ती १८ अंश ५५ मिनिटे १९.२ सेकंद आणि ७२ अंश ५० मिनिटे ४.९२ सेकंद होते. कोणी घाईत मिनिटे-सेकंदांनाच दशांश समजून १८.५५१९ आणि ७२.५००५ असे भरले, तर फोटो अलिबागच्या पश्चिमेला भर अरबी समुद्रात जाऊन पडतो. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर तो नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात सापडतो. आणि पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिले गेले तर तो कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाच्या आसपास दिसतो, कारण हैती मुंबई-पुण्याच्याच अक्षांशावर आणि जवळपास तितक्याच रेखांशावर आहे, फक्त ग्रीनिचच्या दुसऱ्या बाजूला. नकाशावर आपले फोटो हैतीत दिसले, तर आकडे न तपासता थेट पूर्व-पश्चिमेचा टॅग तपासावा.

आता सॉफ्टवेअर. माझी पहिली पसंती फिल हार्वे यांच्या एक्झिफटूलला आहे. २००३ पासून विकसित होत आलेले हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्याला खिडक्या-बटणे नाहीत, कमांड टाइप करावी लागते, आणि अनेक जण तिथेच माघार घेतात. ज्यांना नकाशा समोर हवा आहे त्यांनी डिजीकॅम वापरावे. तेही मोफत असून त्याच्या जिओलोकेशन खिडकीत एका फोटोवर राइट-क्लिक करून अक्षांश-रेखांश कॉपी करता येतात आणि इतर फोटो निवडून पेस्ट करता येतात. विंडोजवर जिओसेटर हाही जुना, मोफत पर्याय आहे. लाइटरूम क्लासिक आधीच वापरात असेल तर त्यातला नकाशाचा विभाग पुरेसा आहे. केवळ या कामासाठी मात्र ते घेऊ नये. विंडोजच्या प्रॉपर्टीज खिडकीत अक्षांश-रेखांश दिसतात, पण तिथून ते बदलता येत नाहीत.

पाच-दहा फोटोंचेच काम असेल तर डिजीकॅममधले कॉपी-पेस्ट उत्तम. एक्झिफटूलमध्ये यासाठी ‘टॅग्ज-फ्रॉम-फाइल’ हा पर्याय आहे. त्यापुढे स्रोत फाइलचे नाव, मग कोणते टॅग घ्यायचे ते, आणि शेवटी ज्या फाइलींत ते घालायचे त्यांची नावे किंवा फोल्डर. यात ‘कोणते टॅग’ हा भाग वगळू नये. तो वगळला तर एक्झिफटूल स्रोत फाइलमधले जमेल तितके सगळे टॅग उतरवते, आणि मग डीएसएलआरच्या फोटोवर मोबाइलचे मॉडेल, मोबाइलची वेळ आणि कधी कधी फोटो आडवा की उभा याची चुकीची नोंदही येऊन बसते. जीपीएसचा अख्खा गट उतरवणेही मला फारसे पसंत नाही. त्या गटात वर सांगितलेल्या सहा टॅगांखेरीज उपग्रहांकडून मिळालेली तारीख-वेळ, कॅमेरा कोणत्या दिशेला रोखला होता तो कोन, आणि काही मोबाइलमध्ये चालण्याचा वेगही असतो. जागा दोन फोटोंची एक असू शकते, पण मोबाइल पूर्वेकडे आणि कॅमेरा पश्चिमेकडे रोखलेला असेल तर तो कोन कॅमेऱ्याच्या फोटोसाठी खोटा ठरतो. त्यामुळे सहाच टॅग नावाने सांगून उतरवावेत.

एक्झिफटूल प्रत्येक बदललेल्या फाइलची मूळ प्रत त्याच फोल्डरमध्ये नावापुढे ‘ओरिजिनल’ जोडून ठेवते. डिस्कवर जागा दुप्पट लागते म्हणून अनेक जण ही सोय पहिल्याच दिवशी बंद करतात. निकाल नकाशावर पाहून होईपर्यंत ती चालू राहू द्यावी.

फोटो शेकड्यांनी असतील तर एकेक जोडी लावत बसणे शक्य नाही. तिथे वेळेवरून जुळणी करावी लागते. ट्रेकला मोबाइलवर एखाद्या अ‍ॅपने चाललेल्या वाटेची जीपीएक्स फाइल नोंदवली असेल तर काम सर्वात चोख होते, कारण त्या फाइलमध्ये दर काही सेकंदांनी जागा आणि वेळ नोंदलेली असते. एक्झिफटूलच्या ‘जिओटॅग’ पर्यायाला ती फाइल आणि फोटोंचा फोल्डर दिला की प्रत्येक फोटोची वेळ पाहून ते त्या क्षणाची जागा फोटोत लिहिते. डिजीकॅम आणि लाइटरूम यांनाही हे येते. जीपीएक्स फाइल नसेल, तर मोबाइलच्या फोटोंवरूनच ती बनवता येते: एक्झिफटूलबरोबर जीपीएक्सचा एक नमुना-साचा मिळतो, त्यातून मोबाइलचे फोटो वेळेच्या क्रमाने बाहेर काढले की प्रत्येक फोटो हा वाटेवरचा एक बिंदू होतो. तो साचा उपग्रहांकडून आलेली तारीख-वेळ वापरतो, त्यामुळे ज्या फोटोंत ती नसेल ते बिंदूंमधून गळतात.

बिंदू असे विरळ असले की मधल्या वेळेच्या फोटोंची जागा सॉफ्टवेअर सरळ रेषेत अंदाजाने ठरवते. समजा मोबाइलचा एक फोटो आठ वाजता पद्मावती माचीवर आणि पुढचा आठ पंचवीसला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर काढला आहे. आठ दहाचा कॅमेऱ्याचा फोटो या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर पडेल, आणि बालेकिल्ल्याची वाट ज्यांनी चढली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे सरळ रेषेवर माणूस नसतो, कडा असतो. एक्झिफटूल मूळ मांडणीत १८०० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासापर्यंतचे अंतर असे भरून काढते. त्याहून मोठी पोकळी असेल तर अंदाज न करता जवळच्या बिंदूचीच जागा देते, आणि जवळचा बिंदूही अर्ध्या तासापलीकडे असेल तर तो फोटो वगळते. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या सोंडेवर, पायी चालताना, ही मर्यादा चालून जाते. गाडीतून काढलेल्या फोटोंसाठी ती फार ढिली आहे, कारण ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या तासात ४० किलोमीटर पुढे गेलेली असते. तिथे ही मर्यादा एक-दोन मिनिटांवर आणावी.

आता घड्याळे. कॅमेऱ्यातली वेळ म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यात लावलेली वेळ. ती कोणत्या देशाची हे बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलींत लिहिलेलेच नसते, कारण जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक नोंदवणारे टॅग एक्झिफच्या २.३१ या आवृत्तीत, २०१६ मध्ये आले. जीपीएक्स फाइलमधली वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. फोटोच्या फाइलमध्ये हा फरक नोंदलेला नसेल तर एक्झिफटूल फोटोंची वेळ ही संगणकावर लावलेल्या टाइम झोनमधली आहे असे धरते. भारतातल्या संगणकावर भारतातले फोटो असतील तर हे आपोआप जुळते. पण न्यू जर्सीत राहणारा भाऊ सुट्टीतले पुण्याचे फोटो तिकडच्या लॅपटॉपवर घेऊन बसला, तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. मग एकाही फोटोला बिंदू सापडत नाही, किंवा वाटेची नोंद दिवसभराची असली तर त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना सापडतो आणि सगळा चुकीचा. अशा वेळी फोटोंची वेळ देताना तिच्यापुढे अधिक साडेपाच तास हे स्पष्ट लिहावे. ज्या सॉफ्टवेअरांत टाइम झोनच्या यादीतून फक्त पूर्ण तास निवडता येतात त्यांच्या वाट्याला भारतीयांनी जाऊ नये.

टाइम झोनखेरीज कॅमेऱ्याचे घड्याळ महिन्यागणिक थोडे पुढे-मागे होत असतेच. त्यावर उपाय असा की ट्रेक सुरू करताना मोबाइलच्या पडद्यावर सेकंदांसह घड्याळ उघडावे आणि कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढावा. घरी आल्यावर त्या फोटोच्या फाइलमध्ये ७:१२:४० असे असेल आणि फोटोत दिसणाऱ्या पडद्यावर ७:१५:०५, तर कॅमेरा २ मिनिटे २५ सेकंद मागे आहे. असा फोटो काढलेला नसेल तर दोन्ही उपकरणांनी एकाच क्षणी टिपलेला प्रसंग शोधावा. चोर दरवाजापाशी सगळ्यांनी मिळून काढलेला ग्रुप फोटो बहुधा कॅमेऱ्यातही असतो आणि मोबाइलमध्येही, फक्त तिथे फरक दहा-वीस सेकंदांच्या अचूकतेनेच कळतो. चालत्या माणसासाठी तेवढे पुरते.

सापडलेला फरक दोन प्रकारे भरता येतो: फोटोंच्या तारखा-वेळाच कायमच्या दुरुस्त करून, किंवा तारखांना हात न लावता ‘जिओसिंक’ या पर्यायाने जुळणीपुरता फरक सांगून. मी पहिला मार्ग घेतो, कारण मग मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो अल्बममध्येही योग्य क्रमाने लागतात. दोन्ही एकदम मात्र करू नयेत. फरक दोनदा मिळवला जातो आणि अडीच मिनिटे मागे असलेला कॅमेरा अडीच मिनिटे पुढे जातो.

स्रोत म्हणून वापरायचे मोबाइलचे फोटोही एकदा चाळून घ्यावेत. मोबाइल खिशातून काढून लगेच फोटो घेतला की त्यात कधी कधी आधीच्या, अर्ध्या तासापूर्वीच्या ठिकाणाची नोंद येते, कारण उपग्रहांचा नवा संकेत मिळायच्या आत फोटो निघालेला असतो. गुहेत, टाक्याच्या कपारीत किंवा उभ्या कड्याखाली जागा सरकते. काही फाइलींत अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असतात. नकाशावर ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात येते. असा एक फोटो स्रोतात राहिला तर त्याच्या आजूबाजूचे सगळे फोटो त्या दिशेने ओढले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलींत लोकेशन उरलेलेच नसते. सोबत्यांकडून फोटो मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

गूगल फोटोजमध्ये हाताने भरलेले लोकेशन हा वेगळा विषय आहे. ते फोटोच्या फाइलमध्ये लिहिले जात नाही. टेकआउट या गूगलच्या सोयीतून सगळे उतरवून घेतले की प्रत्येक फोटोसोबत जेसन प्रकारची एक छोटी फाइल येते, आणि भरलेले लोकेशन तिच्यात असते. ती फाइल सोबत ठेवलेली असेल तर एक्झिफटूल तिच्यातून अक्षांश-रेखांश वाचून फोटोत घालू शकते. ज्या फोटोंना लोकेशन नव्हते त्यांच्या जेसनमध्येही शून्य-शून्य असते, ते गाळून घ्यावे.

रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले फोटो, असतील तर त्यांच्या आत लिहू नये. एक्झिफटूल ते करू शकते, पण रॉ ही मूळ निगेटिव्ह आहे आणि तिला न छेडता काम होत असताना छेडण्याचे कारण नाही. एक्सएमपी हा फोटोची माहिती लिहिण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो फोटोच्या आतही असतो आणि वेगळ्या फाइलमध्येही. रॉ फाइलच्याच नावाची एक्सएमपी फाइल शेजारी ठेवून लोकेशन तिच्यात लिहावे. लाइटरूम आणि डिजीकॅम दोघेही ती वाचतात. एक्सएमपीमध्ये दिशेचे अक्षर आकड्यालाच जोडलेले असते, त्यामुळे हैतीची अडचण तिथे येत नाही. रॉ आणि जेपेग दोन्ही काढायची सवय असेल तर आधी जेपेगना लोकेशन द्यावे आणि मग नावाने जुळणाऱ्या जेपेगमधून एक्सएमपीत उतरवावे. लाइटरूम वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की नकाशावर ओढून दिलेले लोकेशन मूळ मांडणीत त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतच, राहते. मेटाडेटा, म्हणजे फोटोविषयीची माहिती, फाइलमध्ये साठवण्याची आज्ञा दिल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला ते दिसत नाही.

अक्षांश-रेखांशांबरोबर ठिकाणाचे नावही लिहावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते मराठीत लिहायचे असेल तर एक्सएमपीतच लिहावे. फोटोची माहिती ठेवणाऱ्या आयपीटीसी या जुन्या विभागात शहराच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हे मावतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव ४९ बाइटचे आहे, ते मध्येच तुटते. विंडोजवर आणखी एक खोच आहे: फोल्डरचे नाव ‘राजगड’ असे देवनागरीत असेल तर एक्झिफटूलला फाइल सापडत नाही असा संदेश येऊ शकतो. फाइलनावांची वर्णसंहिता यूटीएफ-८ आहे हे कमांडमध्ये सांगावे, किंवा कामापुरते फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत करून घ्यावे.

लोकेशन कोणाचे, कॅमेऱ्याचे की फोटोतल्या वस्तूचे, हा प्रश्न राजगडावरून काढलेल्या तोरण्याच्या फोटोला हमखास पडतो. एक्झिफमधली जागा कॅमेऱ्याची असते, ती राजगडाचीच ठेवावी. फोटोत दिसणाऱ्या ठिकाणासाठी एक्सएमपीत वेगळी सोय आहे, तिथे तोरणा लिहावा.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना वेळेवरून जुळणी लागू होत नाही, कारण त्यांच्या फाइलमधली तारीख स्कॅनरची असते. आधी फोटो काढल्याची तारीख दुरुस्त करावी, मग नकाशावर जागा दाखवून लोकेशन द्यावे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरचा फोटो असेल तर नेमका बिंदू देता येतो. पण आजोबांचा ‘साताऱ्याकडे कुठेतरी’ काढलेला फोटो असेल तर दशांशानंतर सहा आकडे भरणे म्हणजे नसलेली खात्री लिहून ठेवणे होय: पाचव्या दशांशस्थानाने जागा सुमारे एका मीटरच्या आत ठरते, दुसऱ्याने सुमारे एका किलोमीटरच्या. अशा फोटोला फक्त ठिकाणाचे नाव द्यावे. बिंदू द्यायचाच असेल तर स्थान कसे मिळाले ते सांगणाऱ्या टॅगमध्ये ‘मॅन्युअल’ अशी नोंद करावी. एक्झिफच्या मानकात तिची तरतूद आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून वाचलेले आकडे थेट भरू नयेत. ते नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या नमुन्यावर, त्यामुळे आकडे तेच ठेवले तरी जमिनीवरची जागा सरकते.

काम झाले की सगळे फोटो डिजीकॅमच्या नकाशावर उघडून पाहावेत. वाट नकाशावर ओळखीची दिसली पाहिजे, आणि प्रत्येक दिवसाचा पहिला व शेवटचा फोटो हाताने तपासला पाहिजे, कारण घड्याळातला फरक तिथेच उघडा पडतो. ती तपासणी झाल्यावर ‘ओरिजिनल’ प्रती काढून टाकाव्यात. फोटो जाहीर करायचे असतील तर त्यासाठी निर्यात केलेल्या प्रतींमधून लोकेशन पुसावे, विशेषतः घरातले, लहान मुलांचे आणि घरट्यांचे किंवा दुर्मीळ वनस्पतींचे फोटो असतील तेव्हा. पुसताना एक्झिफ आणि एक्सएमपी या दोन्ही विभागांतले लोकेशन पुसले गेल्याची खात्री करावी. एकातून काढले आणि दुसऱ्यात राहिले असे वरचेवर घडते.